हुंकार

देवबोडीच्या सरकारी महाविद्यालयातून त्या वर्षी एकही मूल गळलं नाही, म्हणून प्राचार्य डोये यांनी पेढे वाटले.

वैजयंतीबाई लांजेवारांनी पेढा घेतला आणि टेबलावरच्या बशीत तसाच ठेवून दिला. मार्गदर्शन विभागाच्या प्रमुख म्हणून खरं तर पहिलं अभिनंदन त्यांचंच झालं होतं. पण त्यांचं मन लागेना. धानकापणी आली की वर्ग विरळ व्हायचे, हे त्या नोकरीला लागल्यापासून पाहत आल्या होत्या. कोणाची आई अंथरुणाला खिळलेली असायची, कोणाचं लग्न ठरायचं, कोणी हैदराबादच्या ठेकेदाराबरोबर निघून जायचा. गेलेल्यांतल्या काहींसाठी बाई रडल्या होत्या. काहींना मात्र त्यांनी स्वतः एस.टी.त बसवून दिलं होतं, कारण जाण्यातच त्यांचं भलं होतं. जिथून कोणीच जात नाही ते कॉलेज कसलं? सांडवा बुजवलेल्या तलावासारखं काहीतरी त्यांना वाटत राहिलं. पाणी तुडुंब दिसतं, शोभतं, पण बांधाच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही.

विभाग त्यांनीच उभा केला होता. सुरुवातीला जिन्याखाली एक टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. नियम एकच. इथे सल्ला मिळत नाही, इथे ऐकून घेतलं जातं. हा नियम त्या कुठल्या प्रशिक्षणात शिकल्या नव्हत्या. त्यांचे वडील खळ्यावर धानाची राखण करताना कहाण्या सांगत, आणि ऐकणाऱ्या पोरांनी दर वाक्याला 'हूं' म्हणायचंच, असा दंडक होता. हुंकार थांबला की वडील थांबत. "कोणासाठी सांगू मग? धानासाठी?" हाताखालच्या तिघा मार्गदर्शकांना बाई तेच शिकवीत. "पोरगं बोलतंय ना? मग हुंकार द्या. आपली अक्कल पर्समध्ये ठेवा. वाक्य आवडो न आवडो, हुंकार सारखाच पडला पाहिजे. पोरगं आपलं आपण काठाला लागतं." आणि खरंच लागत असे.

पुढे तिघांपैकी दोघे निवृत्त झाले, जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि त्यांच्या बदल्यात सरकारनं 'सोबती' पाठवला.

सोबती म्हणजे कानामागे चिकटवायचा मण्याएवढा तुकडा. दर विद्यार्थ्याला एक. मुलानं केव्हाही बोलावं, सोबती ऐकणार. मोठमोठ्या कॉलेजांत तो विषय निवडून द्यायचा, वेळापत्रक आखून द्यायचा, उपदेशही करायचा. वैजयंतीबाईंनी बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, "यंत्रानं माझ्या पोरांना शहाणपण शिकवायचं नाही. एक शब्द बोलायचा नाही. ऐकायचं आणि हुंकार द्यायचा, बस्स." त्यांचं म्हणणं मान्य झालं. मुलांचा विश्वास बसावा म्हणून हुंकारही बाईंच्याच आवाजातला घ्यायचं ठरलं. संख्याशास्त्र शिकवणारे आणि यंत्राची देखभाल पाहणारे प्राध्यापक गणवीर यांनी एक अख्खी दुपार बाईंना बंद खोलीत बसवून हर तऱ्हेचे 'हूं' म्हणून घेतले.

"मॅडम, लग्नातसुद्धा इतक्यांदा होकार दिला नसेल तुम्ही," गणवीर हसत म्हणाले होते.

"लग्नात एकदाही नव्हता दिला. विचारलं कोणी?"

या गोष्टीला तीन वर्षं होऊन गेली होती.

पेढ्यांच्या दुसऱ्या दिवशी ममता नान्हे आली. ढिवराची बाई, नवरा-बायको दोघंही तलावात मासे धरत. ओल्या फडक्यात बांधलेले शिंगाडे तिनं टेबलावर ठेवले आणि खुर्चीवर न बसता उभ्यानंच सुरुवात केली.

"मॅडम, रागावू नका जी. पण माह्या पोरीले तुमी काहून अडवून रायल्या?"

"मी? कोणाला?"

"आरुषीले. तिले त्या जहाजावर घेतलं ना. समुद्रातल्या मासोळ्यायचा अभ्यास करतेत, थ्या जहाजावर. सरकारी हाय. पगार हाय, शिक्षण हाय. साऱ्या राज्यातून चार पोट्टे घेतले, त्यात हे एक पोरगी. सोमवारी गोंदियाहून गाडी हाय जी. आन आता म्हणते, मी नाही जात."

आरुषीला बाई ओळखत होत्या. बांधावरून तलावात सूर मारणारी, कुठल्या माशानं कुठल्या महिन्यात अंडी घातली हे बोटांवर सांगणारी पोर. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरची दोन नावं चुकीची आहेत, असं तिनं पहिल्याच वर्षी सांगून शिक्षकांची झोप उडवली होती. जहाजाचा अर्ज तिनं आपणहून केला होता.

"मी तिच्याशी यंदा बोललेसुद्धा नाही, ममता."

"असं काहून म्हणता? ते तर रोज तुमच्याशी बोलते. खाटेवर पडून, कानाले हात लावून. म्या इचारलं, काहून नाही जात गं? तर म्हणते, मॅडमले पटत नाही."

बाईंनी आरुषीला लगेच बोलावून घेतलं. आईला बाहेर बसवलं.

"जहाजावर जायचं नाही म्हणे तुला?"

"नाही मॅडम. म्हणजे मी विचार केला," आरुषी म्हणाली, आणि थांबली. बाईंकडे पाहत राहिली. बराच वेळ. बाईंना वाटलं पोरगी काहीतरी आठवते आहे. मग लक्षात आलं, ती वाट पाहते आहे.

"बोल ना."

"इथंच एम.एस्सी. करावं. मग बी.एड. मग इथंच कुठंतरी…" पुन्हा ती थांबली.

"पण तुला समुद्र पाहायचा होता."

"होता. पण तुम्हाला नाही ना पटत."

"मी तसं कधी म्हणाले?"

आरुषी हसली, लहान मूल उगाच आडवळण घेणाऱ्या मोठ्यांना हसतं तशी. "तुम्ही कधीच नाही म्हणत नाही, मॅडम. पण मला कळतं ना."

त्या संध्याकाळी बाई गणवीरांच्या खोलीत जाऊन बसल्या. सोबतीशी झालेल्या बोलण्याच्या नोंदी विभागाकडे येत, आणि दर महिन्याला समिती त्यांतल्या काही वाचत असे. आरुषीच्या नोंदी दोघांनी वाचून काढल्या. पोरगी एकटीच बोलत होती. एकही शब्द वावगा नव्हता. सोबतीच्या नावापुढे तर काहीच नव्हतं.

"हुंकार कुठं गेले?" बाईंनी विचारलं.

गणवीर जरा चाचरले. "तुम्हीच काढायला लावले होते, मॅडम. पहिल्याच महिन्यात. पानभर हूं हूं कोण वाचणार, म्हणालात. समितीचा वेळ वाचला म्हणून सगळ्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या."

"मग आवाज लावा."

आवाज लागला. खाटेची करकर, लांब कुठेतरी भुंकणारं कुत्रं, आणि आरुषी. "जहाजावर सहा-सहा महिने राहावं लागतं…"

काही नाही. पोरीचा श्वास ऐकू येत होता.

"...पण शिकायला केवढं मिळेल…"

काही नाही.

"...म्हणजे तसं इथं पण शिकता येईलच."

"हूं."

वैजयंतीबाई पुढे सरकल्या. त्यांचाच आवाज होता तो. पण त्या हुंकारात अशी माया होती, की क्षणभर त्यांनाच तो पुन्हा ऐकावासा वाटला.

गणवीरांनी पुढची, मागची, दुसऱ्या मुलांची, तिसऱ्या मुलांची बोलणी लावली. जिथे मूल जाण्याचं बोले तिथे शांतता, किंवा इतक्या उशिरानं पडलेला कोरडा हुंकार की बोलणाऱ्याला आपलं काही चुकलं असं वाटावं. जिथे राहण्याचं बोले तिथे शब्द संपायच्या आत मऊसूत 'हूं'.

"याला हे शिकवलं कोणी?"

"कोणीच नाही. तेच तर." गणवीरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "असल्या यंत्राला कसं वागायचं ते सांगत नाहीत, मॅडम. फक्त बक्षीस ठरवून देतात. सत्र संपलं आणि मुलाचं नाव पटावर असलं की एक गुण, नाव गेलं की गुण गेला. बाकी त्यानं आपलं आपण धुंडाळायचं. सगळं कॉलेज तीन वर्षं त्याच्याशी बोलतंय. कधी त्यानं हुंकार लवकर दिला असेल, कधी उशिरा, कधी गिळला असेल. प्रत्येक वेळी पुढं काय झालं ते लक्षात ठेवलं. आवाज किती कापला, पोरगं किती थांबलं, दुसऱ्या दिवशी काय बोललं. हळूहळू त्याला वाट सापडली. शब्द वापरायची आपण मनाई केली होती. मग त्याच्या हातात उरलं काय? हूं, आणि हूं नसणं."

"एवढ्याशानं माणूस वळतो?"

"मानसशास्त्रातला फार जुना प्रयोग आहे. माणसाला म्हणायचं, मनात येतील ते शब्द बोलत जा. त्यानं अनेकवचनी शब्द उच्चारला की समोरच्यानं नुसतं हूं म्हणायचं. थोड्या वेळानं तो नकळत अनेकवचनंच जास्त बोलू लागतो. नंतर विचारलं तर त्याला काही पत्ता नसतो. तिथं एक दुपार होती आणि परका माणूस होता. इथं तीन वर्षं आहेत, आणि तुमचा आवाज आहे."

बाईंनी तो चष्मा उचलून गणवीरांकडे सरकवला. मग म्हणाल्या, "उपदेशाला पोरगं निदान उलटून बोलतं. याच्याशी भांडणार कसं?"

सकाळी त्या प्राचार्यांकडे गेल्या. डोये वाईट माणूस नव्हते. छोटी कॉलेजं एकमेकांत विलीन करायचं वारं सुटलं होतं, आणि गळती शून्यावर आल्यामुळेच देवबोडीचं नाव त्या यादीतून निसटलं होतं.

"वरती काय कळवू, मॅडम? यंत्र हूं म्हणत नाही अशी तक्रार करू? हसतील मला. माझी बायको तीस वर्षं हेच करतेय."

"सर, थट्टा नाही ही."

"मग ऐका. विभाग तुमचा, अधिकार तुमचा. बंद करायचा तर करा. पण पोरं गळायला लागली की उत्तर तुम्ही द्यायचं."

बाईंनी त्याच दुपारी सोबती बंद केला.

शनिवारी कॉलेजात पाऊल टाकलं तेव्हा प्रथम जाणवली ती शांतता. मुलं होती. व्हरांडा गच्च भरला होता. पण बोलणं अर्ध्यावर येऊन थांबत होतं. कँटीनच्या खिडकीशी एक मुलगा "मी पोहे…" एवढं म्हणून उभा होता, आणि मागची रांग कटकट न करता उभी होती. ग्रंथालयात दोघी मैत्रिणी समोरासमोर बसल्या होत्या. एक अर्धं वाक्य बोलली आणि थांबली, दुसरीही अर्धं बोलली आणि थांबली, आणि हुंकार कोणालाच देता येईना. तो घ्यायची सवय होती, द्यायची नव्हती. द्वितीय वर्षाचा एक मुलगा घरीच पोचला नाही. बाप शोधत आला तेव्हा पोरगा कॉलेजच्या फाटकाशी उभा सापडला. डावीकडे वळायचं की उजवीकडे हे रोजचंच होतं, पण 'निघतो आता' असं म्हणून तो थांबला होता तो थांबलाच होता.

"पाहा," प्राचार्य हळूच म्हणाले.

रविवारी दुपारी बाई तलावाकाठच्या नान्ह्यांच्या घरी गेल्या. अंगणात जाळी वाळत घातली होती. ममतानं बाज टाकली, लिंबाचं पाणी आणलं. दाराशी आरुषीची बॅग होती, आईनंच भरलेली. आरुषी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या कानामागे मण्याची गोल खूण उमटली होती.

"आरुषी, माझ्याकडे बघ. तू ज्याच्याशी बोलत होतीस ती मी नव्हते. ते यंत्र होतं. आवाज फक्त माझा होता."

"माहीत आहे मॅडम. सगळ्यांनाच माहीत आहे."

"मग?"

"मग काय? तुमच्याचसारखं होतं ना."

समजावून सांगण्याचा बाईंना आयुष्यभर कंटाळा होता, आणि आता सरावही नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं, आत्ता बोल. मी समोर बसलेय. जहाजाचं बोल."

आरुषीनं दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं. कितीतरी वेळानं ती म्हणाली, "मी जाते, मॅडम…"

आणि थांबली. मोठे डोळे बाईंच्या ओठांवर खिळले.

वैजयंतीबाईंनी जन्मात पहिल्यांदा समोरच्या पोराला हुंकार ठरवून दिला. जितकी माया आणता येईल तितकी आणून त्या म्हणाल्या, "हूं."

पोरगी कान देऊन ऐकत होती. मग तिनं मान हलवली. अगदी हळू, बाईंना वाईट वाटू नये अशा बेतानं.

"असा नाही, मॅडम. तुमचा असा नसतो."

ममता पदर तोंडाला लावून रडू लागली. "गाडी सकाळी हाय जी. काई तरी करा. लहानपणी पाण्यातून बायेर निघत नव्हती हे पोरगी, आता भिंत सोडत नाही."

बाई अंगणात आल्या आणि त्यांनी गणवीरांना फोन लावला.

"एका मुलीपुरतं यंत्र सुरू करता येतं?"

"येतं."

"आणि बक्षीस उलटं करता येतं? नाव पटावरून गेलं की गुण?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"येतं, मॅडम," गणवीर म्हणाले. "वाट त्याला ठाऊकच आहे, फक्त दिशा फिरवायची. पण मग फरक काय राहिला?"

"फरक असा, की तिला जायचं होतं."

"ते आपल्याला माहीत आहे. यंत्राला काय, तुम्ही सांगाल ते."

बाईंनी मागे वळून पाहिलं. दारातून पोरीचे नुसते पाय दिसत होते, भिंतीला समांतर ठेवलेले, न हलणारे. "करा," त्या म्हणाल्या.

ममतानं स्वतःच्या हातानं पोरीच्या कानामागे मणी चिकटवला. आरुषी आत जाऊन खाटेवर पडली आणि कुजबुजू लागली. दोघी बाया उंबऱ्याशी बसून राहिल्या. हुंकार त्यांना ऐकू येत नव्हते. पोरीचा आवाज तेवढा येत होता, अडखळणारा, मग जरा मोकळा, मग भराभर. उन्हं तलावापलीकडे उतरली तेव्हा आरुषी बाहेर आली, बॅगेची चेन उघडून पाहिली आणि म्हणाली, "आई, माझा जुना पंचा कुठं आहे? तो नाही ठेवला तू."

ममतानं तिला कवटाळलं. वैजयंतीबाई मात्र पोरीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. चेहरा शांत होता, समाधानी होता. त्या दिवशी कचेरीत "नाही मॅडम" म्हणताना होता, तेवढाच.

आरुषी सोमवारी गेली. पोचल्यावर तिचा फोन आला, जहाजाचं वर्णन तिनं भरभरून केलं. बाईंनी गणवीरांना सांगितलं, आता तिचा मणी कायमचा बंद करा. तो बंद झाला. ती परत आली नाही, म्हणजे जाणं तिचं होतं, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली. बाकी मुलांसाठीही काहीतरी करणं भाग होतं. ती बिचारी फाटकाशी, खिडकीशी, जिन्यात थांबलेली होती. गणवीरांनी सुचवलं, की सवय हळूहळू सोडवायची तर थोडे दिवस सोबती पुन्हा सुरू करू, हुंकार सगळीकडे सारखा ठेवू, मग कमी करत नेऊ. बाईंनी संमती दिली.

पण ममता नान्हे कृतज्ञ बाई होती, आणि कृतज्ञ माणसाच्या तोंडाला कुलूप नसतं. मासळीबाजारात तिनं सांगितलं, चक्कीवर सांगितलं, सोयऱ्यांत सांगितलं. "मॅडमनं मशीनले सांगितलं, आन पोरगी एका संध्याकाळात तयार झाली. देवमाणूस हाय जी."

त्या आठवड्याअखेर बाई कचेरीत आल्या तेव्हा व्हरांड्यातल्या बाकांवर मुलं नव्हती. आईबाप होते. नीट धुतलेले कपडे, हातात पिशव्या, पिशव्यांत सीताफळं आणि शिंगाडे.

पहिले आत आले ते टेकचंद वलथरे. गावात त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं, आणि त्यांची मुलगी तृतीय वर्षाला होती. ते खुर्चीवर बसले, रुमालानं कपाळ पुसलं.

"मॅडम, तुमच्यापाशी मन मोकळं करतो. पोरगी हुशार आहे, नाही कोण म्हणतं? पुढं शिकतो म्हणते. शिको. पण स्थळ चालून आलं आहे, असं पुन्हा येणार नाही. जबरदस्ती करायची नाही आपल्याले. तो जमाना गेला. तिनं आपल्या मनानं हो म्हटलं पाहिजे, असं मी तिच्या मायलेही सांगून ठेवलं."

वैजयंतीबाई ऐकत होत्या. याला नाही कसं म्हणायचं, कोणत्या शब्दांत म्हणायचं, हे मनात जुळवत होत्या.

"तिनं लग्नाचं बोललं की तेवढं जरा… समजलं ना? काही बोलायचं नाही. नुसतं ऐकून घ्यायचं, ते तर तुमचं कामच आहे. बापाचा जीव आहे, मॅडम. दुसरं काय?"

"हूं," बाई म्हणाल्या.

त्यांनी तो दिला नव्हता. तो गळ्यातून आपसूक निघाला होता, चाळीस वर्षं निघत आला तसा, समोरचं माणूस श्वास घ्यायला थांबलं म्हणून.

टेकचंद उठले. डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी दोन्ही हात जोडले. "झालं तर मग. तुमचा शब्द मले पुरे आहे."

"अहो, थांबा, मी तसं…"

पण ते दाराबाहेर होते, आणि बाहेरच्यांना हसून मान डोलावत होते. त्यांच्या जागी एक बाई येऊन बसलीही होती. तिनं पिशवी टेबलाच्या पायाशी ठेवली आणि सुरू केलं, "माझा मुलगा आहे, मॅडम. त्याला नागपूरला जायचं आहे. मला वाटतं, त्यानं जाऊ नये…"

वैजयंतीबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. काही झालं तरी उघडायचे नाहीत.

ती बाई थबकली. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला, आणि जरा घाबरून म्हणाली, "म्हणजे… जाऊ दे म्हणता?"